देवीच्या दारची विहीर



आज मी तुम्हांला एका विहिरीची गोष्ट सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, विहिरीत सांगण्यासारखे ते काय असते? आमच्या पालमच्या पंचक्रोशीत काय विहिरी थोड्या आहेत! काळ्या मातीखाली मुरूम, मुरमाखाली काळा पाषाण, आणि पाषाणाच्या भेगेतून पाझरणारे पाणी. हे तर आपण लहानपणापासून बघत आलो आहोत. गोदावरी जवळून वाहते, तिच्या पात्रात जांभूळबेट आहे, तरी गावाची तहान नदीपेक्षा विहिरीनेच अधिक भागवली. आणि विहीर म्हटली की तिच्या काठी देव आलाच. कुठे मरीआई, कुठे लक्ष्मीआई, आणि कुठे नुसतेच शेंदूर माखलेले सात दगड. त्या साती आसरा. विहिरीला पाणी लागले की आधी त्यांना हिरव्या बांगड्या आणि खण वाहायचा, मग घागर बुडवायची. आपल्या जिल्ह्याच्या परभणी या नावाचे मूळसुद्धा जुनी मंडळी प्रभावती देवीपर्यंत नेऊन पोचवतात.

तर पाणी आणि देवी यांची ही जोडी आपल्या घरचीच आहे. पण ही जोडी एका ठिकाणी अशी काही बसलेली आहे की, तिच्याकडे नीट पाहिले म्हणजे आपल्या गावच्या विहिरीकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. ते ठिकाण म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातले लोणार. परभणीहून जिंतूर, जिंतूरहून चारठाणा, पुढे मंठा आणि मंठ्याहून लोणार अशी वाट आहे. मराठवाड्याची हद्द संपते आणि वऱ्हाड सुरू होतो, त्या शिवेवरच म्हणा ना.

लोणारचे तळे तुम्ही ऐकून असाल. शाळेच्या पुस्तकात त्याचे चित्र असते. गावाच्या कडेला उभे राहिले की पायांखालची जमीन एकाएकी संपते आणि समोर एक प्रचंड वाटगा दिसतो. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. काठापासून तळ्यापर्यंतची खोली सुमारे १३७ मीटर. काठ चहूबाजूंनी उंच, आणि तळाशी गोल, हिरवट, खारे पाणी. पाहुणे बहुधा वरच्या काठावरूनच पाहतात, छायाचित्र काढतात आणि परततात. आपण मात्र आज खाली उतरू.

उतरताना पहिल्यांदा लागते ती धार. गोमुखातून बारमाही गोडे पाणी पडते, आणि भाविक तिच्याखाली स्नान करतात. तिथून पायऱ्या उतरत, मग झाडीतल्या पाऊलवाटेने तळ्याच्या कडेकडेने जायचे. मोर ओरडत असतात, वानरे फांद्यांवरून बघत असतात. वाटेत एकेक जुने देऊळ लागते. कुणाच्या शिखरावर झाड उगवलेले, कुणाचा सभामंडप अर्धा ढासळलेला. चालत चालत आपण तळ्याच्या अगदी कडेला असलेल्या एका देवळापाशी येतो. हे कमळजा देवीचे देऊळ.

कमळजा म्हणजे कमळातून जन्मलेली, लक्ष्मी. आसपासच्या कितीतरी घरांची ती कुलदेवता. नवरात्रात येथे यात्रा भरते. डोक्यावर पाटी आणि कडेवर मूल घेऊन बायाबापड्या तो सारा उतार उतरून येतात. एरवी सुनसान असलेले ते रान नऊ दिवस माणसांनी गजबजून जाते.

या देवळाच्या समोर, तळ्याच्या बाजूला, एक विहीर आहे. तिला म्हणतात सासू-सुनेची विहीर.

आता या नावाची गंमत ऐका. परंपरा अशी सांगते की, या एकाच विहिरीचे पाणी एका अंगाने गोड आणि दुसऱ्या अंगाने खारे लागते. एकाच घरात, एकाच छपराखाली राहायचे, एकाच चुलीवर रांधायचे, पण स्वभाव दोघींचे दोन. हे नाव कुणा शास्त्रीबुवांनी ठेवलेले नसणार. पाणी भरायला जी जात होती तिनेच ते ठेवले असले पाहिजे. सासू कोणती आणि सून कोणती, म्हणजे गोडी कुणाची आणि खारटपणा कुणाचा, हे मात्र सांगणारी कोण आहे यावर अवलंबून! आपल्या मराठी मुलखात सासू-सुनेच्या नावाच्या बारवा आणि विहिरी आणखीही आहेत. परंतु लोणारच्या विहिरीला हे नाव जसे शोभते तसे दुसरीकडे क्वचितच शोभत असेल.

यात काही चमत्कार आहे काय? गुरुजनहो, हा प्रश्न मुले तुम्हांला विचारतीलच. तेव्हा त्याचे उत्तर नीट देऊ या.

लोणारचे तळे हे सोड्याचे तळे आहे. त्यात येणारे पाणी बाहेर पडायला वाट नाही. पाऊस पडतो, काठांवरचे झरे वाहतात, पाणी आत येते. उन्हाने त्याची वाफ होते, आणि पाण्याबरोबर आलेला खार मात्र मागे राहतो. वर्षानुवर्षे हे चालले आहे. म्हणून पाणी खारटही आणि तुरटही, हाताला साबणासारखे बुळबुळीत. तुमच्या घरी पापडात जो खार घालतात, तो याच जातीचा. आता या खाऱ्या पाण्याच्या काठावर खड्डा खणला तर काय होईल? काठाच्या चढावरून मुरत मुरत येणारे गोडे पाणी एका बाजूने त्यात पाझरणार, आणि तळ्याचे खारे पाणी दुसऱ्या बाजूने. गोडे पाणी हलके, खारे पाणी जड. ढवळले नाही तर दोन्ही बराच वेळ आपापल्या जागी राहतात.

हा प्रयोग शाळेत एका काचेच्या पेल्यात करून दाखवता येतो. अर्धा पेला पाणी घ्या, त्यात दोनतीन चमचे मीठ विरघळवा, आणि रंग कळावा म्हणून चिमूटभर कुंकू टाका. मग त्यावर एक पान तरंगत ठेवा आणि पानावर अगदी हळू, धार धरून, साधे पाणी सोडा. साधे पाणी वर राहील, रंगीत पाणी खाली राहील, आणि मध्ये रेघ दिसेल. सासू-सून एका पेल्यात नांदताना मुलांना दिसतील. मग चमच्याने ढवळा, म्हणजे संसार एकजीव कसा होतो तेही दिसेल.

असो. चमत्कार नाही म्हटल्याने विहिरीची थोरवी कमी होत नाही, उलट वाढते. कारण ज्या माणसाने ती विहीर तिथे बांधली, त्याला हे सारे ठाऊक असले पाहिजे. खाऱ्या तळ्याच्या काठी गोडे पाणी कुठे लागेल, चढावरचा पाझर कोणत्या अंगाने येतो, हे त्याने पाहिले, ताडले, आणि तिथे दगड रचले. भूगर्भशास्त्राचे पुस्तक त्याच्याजवळ नव्हते, पण पाझर ओळखण्याची नजर होती.

आता थोडा इतिहास पाहू.

लोणारची पुराणकथा अशी. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली बिळात दडून राहत होता आणि लोकांना छळत होता. विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेतले, बिळावरचे झाकण पायाच्या अंगठ्याने उडवले आणि दैत्याला मारले. त्या दैत्याच्या रक्ताचे पाणी झाले आणि मांसाचा खार झाला. लवण म्हणजे मीठ, आणि लवणावरून लोणार. ही कथा खरी की खोटी, असा वाद घालू नका. तिच्यातली मेख पाहा. वरून काहीतरी मोठे आदळले, जमीन फुटली, खड्डा पडला, आणि आत खारे पाणी साठले. जे डोळ्यांना दिसत होते, त्याचा अर्थ लावण्याचा तो आपल्या पूर्वजांचा प्रयत्न होता. गावात दैत्यसूदनाचे सुंदर कोरीव देऊळ आजही उभे आहे.

लोणारची ही देवळे चालुक्य आणि यादव यांच्या राजवटीच्या काळात, म्हणजे ढोबळमानाने अकराव्या ते तेराव्या शतकात उभी राहिली. देवगिरीच्या यादवांचे राज्य तुमच्या पालमवर होते तसेच ते लोणारवरही होते. महानुभाव पंथाच्या परंपरेत लोणारला मोठा मान आहे. चक्रधरस्वामी येथे येऊन राहिले होते, आणि यादव राजा कान्हरदेव त्यांना येथे भेटला, असे ती परंपरा सांगते.

जुने दगडी देऊळ दिसले की आपण त्याला सरसकट 'हेमाडपंती' म्हणतो. हेमाद्री पंडित हा यादव राजा महादेव आणि रामचंद्र यांच्या पदरचा मंत्री. त्याचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. परंतु ज्यांना आपण हेमाडपंती म्हणतो त्यांतली कित्येक देवळे त्याच्या जन्माच्याही आधीची आहेत. तेव्हा मुलांना सांगताना 'हेमाडपंताने बांधले' असे न सांगता 'या पद्धतीचे बांधकाम' असे सांगावे. पद्धत कोणती? तर चुना न वापरता दगडावर दगड असा बसवायचा की त्याच्या वजनानेच तो घट्ट राहावा. देवळाच्या भिंतीला ही पद्धत शोभा देते, पण विहिरीला ती जीव देते. चुन्याने सांधे बुजवले तर पाझर आत येणार कुठून? कोरड्या सांध्यांतून पाणी झिरपत राहते आणि भिंत ढळत नाही. तात्पर्य, देऊळ आणि विहीर ही एकाच कसबाची दोन लेकरे होत.

पुढे इ. स. १५९६ मध्ये चांदबिबीशी झालेल्या तहाने वऱ्हाड अकबर बादशहाच्या ताब्यात गेले. त्याच्या दरबारातल्या अबुल फजलने 'ऐन-इ-अकबरी' या ग्रंथात साऱ्या सुभ्यांची माहिती लिहून ठेवली. त्यात मेहकरच्या भागात लोणारचे वर्णन आहे. हे मोठे पवित्र ठिकाण असून येथले ब्राह्मण त्याला विष्णुगया म्हणतात. येथे उंच टेकड्यांनी वेढलेला कोसभर लांब-रुंद जलाशय आहे. काच आणि साबण करायला लागणारा माल येथे मिळतो आणि त्यापासून सरकारात चांगला वसूल येतो, असे तो सांगतो. आणि आणखी एक गोष्ट तो नोंदवतो, ती आपल्या विषयाला फार जवळची आहे. पाणी खारे आहे, पण मध्यावरचे किंवा कडेचे घेतले तर ते गोड लागते, असा त्याच्या सांगण्याचा आशय आहे. म्हणजे पाहा, चारशेहून अधिक वर्षांपूर्वी बादशहाच्या दप्तरात सासू-सुनेच्या स्वभावाची नोंद झालेली आहे!

खाराचा हा धंदा पुढेही बराच काळ चालला. उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठावर खाराचे थर बसत. ते खरवडून काढायचे आणि वेगवेगळ्या जाती निवडायच्या. त्यांची नावेही अस्सल देशी, पापडी, भुस्की, खुप्पल अशी. कपडे धुवायला, साबणाला, बांगड्यांच्या काचेला हा खार लागे. म्हणजे तळे नुसते तीर्थ नव्हते, ते पोटापाण्याचेही साधन होते. आणि उन्हातान्हात खार काढणाऱ्या माणसाला प्यायला जवळ गोडे पाणी हवे. देवीच्या दारची विहीर कुणाकुणाच्या घशाला उपयोगी पडली असेल, याची कल्पना यावरून करता येईल.

इंग्रजी अंमलात सी. जे. ई. अलेक्झांडर नावाच्या अधिकाऱ्याने १८२३ मध्ये या विवराची नोंद केली. 'शोध लावला' असे पुस्तकात लिहितात. ज्या तळ्याच्या काठी सातआठशे वर्षे देवळांत घंटा वाजत होती, त्याचा शोध लागला तो १८२३ मध्ये! साहेबांच्या जगाला ते ठाऊक झाले, एवढाच त्याचा अर्थ. त्या वेळी वऱ्हाड निजामाकडे होता, म्हणजे पालम आणि लोणार एकाच राज्यात होते. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला आणि आपली ताटातूट झाली. मराठवाडा निजामाच्या अंमलातून सुटला तो १७ सप्टेंबर १९४८ रोजी. दोन्ही मुलूख द्विभाषिक मुंबई राज्यात पुन्हा एकत्र आले ते १९५६ मध्ये, आणि पुढे १९६० मध्ये महाराष्ट्र झाला.

विवर झाले कसे, यावर विद्वानांचा वाद दीर्घकाळ चालला. आपले सारे पठार ज्वालामुखीच्या लाव्हाचे बनलेले, म्हणून हेही ज्वालामुखीचेच तोंड असणार, असे पुष्कळांचे मत होते. १८९६ मध्ये गिल्बर्ट या अमेरिकन भूवैज्ञानिकाने लोणारचे ॲरिझोनातल्या विवराशी असलेले साम्य दाखवून दिले. शेवटी तळाशी छिद्रे पाडून दगडांचे नमुने काढले, आणि १९७३ मध्ये भारतीय व अमेरिकन शास्त्रज्ञांनी निकाल प्रसिद्ध केला. प्रचंड आघाताशिवाय ज्या खुणा दगडात उमटत नाहीत, त्या येथल्या दगडांत सापडल्या. आकाशातून उल्का आदळली आणि हे विवर झाले. काळ्या बेसॉल्टमध्ये पडलेले आणि इतके चांगले राहिलेले असे विवर जगात विरळा. चंद्रावरचे दगड याच जातीचे असल्यामुळे चंद्राचा अभ्यास करणारेसुद्धा लोणारला येतात. वयाविषयी आधी सुमारे ५२,००० वर्षे असा अंदाज होता, तर २०१० च्या सुमारास झालेल्या मोजणीत ते सुमारे ५,७०,००० वर्षे निघाले.

श्रोतेहो, हे सारे ऐकताना आपली विहीर मागे पडली असे वाटेल. तसे नाही. आता तिच्याकडेच येतो, कारण मला जे सांगावयाचे आहे ते येथेच आहे.

ही विहीर नेहमी दिसत नाही. पाऊसकाळ चांगला झाला आणि तळे चढले की ती पाण्याखाली जाते. तळे फारच चढले तर पाणी देवळाला भिडते. तळे ओसरले की विहिरीचे काठ हळूहळू डोके वर काढतात. काही वर्षे ती कुणाच्या दृष्टीस पडत नाही. मग एखाद्या कोरड्या उन्हाळ्यात म्हातारी माणसे नातवंडांना बोट धरून दाखवतात, 'ती बघ सासू-सुनेची विहीर.'

आता मला सांगा, पाण्याखाली जाऊन कुणी विहीर खणतो काय? खणत नाही. म्हणजे ज्या काळी ती बांधली, त्या काळी तळ्याचे पाणी आजच्या चढत्या पाण्यापेक्षा मागे होते, आणि काठावर कोरडी जमीन होती. विहिरीवर एक अक्षर कोरलेले नसले तरी तिचे दगड एवढे स्पष्ट सांगतात. शिलालेख राजाचे नाव सांगतो, दानाची तिथी सांगतो. पण त्या वेळी पाणी कुठवर होते, हे तो सांगत नाही. ते ही विहीर सांगते. इतिहास म्हटला की आपण किल्ले, लढाया आणि राजघराणी शोधतो. पाण्याच्या इतिहासाचा कागद मात्र असा विहिरीच्या रूपानेच लिहिलेला असतो, आणि तो वाचायला संस्कृत किंवा मोडी यावी लागत नाही.

अलीकडच्या वर्षांत हा कागद भराभर पालटतो आहे. २००६ च्या सुमारास तळे इतके आटले की तळाचा खार उघडा पडला. जून २०२० मध्ये तर सारे पाणी गुलाबी झाले आणि जगभर त्याची चर्चा झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. पाणी कमी होऊन खारटपणा वाढला आणि अति खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्म जीव बळावले, त्यांचा तो रंग, असे दिसून आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारचा समावेश रामसर करारातील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत झाला. त्याआधी महाराष्ट्रातले असे एकच ठिकाण त्या यादीत होते, ते म्हणजे आपल्याच गोदावरीवरचे नांदूर मधमेश्वर. त्यानंतर पाणी पुन्हा चढल्याचे लोकांनी पाहिले.

पाणी चढणे-उतरणे हा निसर्गाचा खेळ आहे, तो पूर्वीही होता. पण त्यात माणसाचा हातही आहे. काठावरच्या गावचे सांडपाणी तळ्यात उतरते ही तक्रार जुनी आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही सरोवराच्या रक्षणाचा प्रश्न गेला. या तळ्याचे सारे वैशिष्ट्य त्याच्या खारात आहे. हजारो वर्षे जे शेवाळ आणि सूक्ष्म जीव त्या खारावर जगले, त्यांना गढूळ सांडपाणी मानवत नाही. तळ्याला गोड करणे म्हणजे त्याला मारणे होय. सासू-सुनेचे पाणी वेगळे होते, म्हणून ते नाव पडले. उद्या दोन्हींत घाण मिसळली तर त्या विहिरीला नाव काय द्यायचे?

मंडळी, आता लोणारहून पालमला परत येऊ.

आपल्या गावची जुनी विहीर, जुनी बारव आठवून पाहा. बहुतेक ठिकाणी काय झाले आहे? देवळाला रंग लागला, फरशी बसली, शिखर उंच झाले, ध्वनिक्षेपक आला. आणि शेजारच्या विहिरीत निर्माल्य, नारळाच्या शेंड्या आणि फुटक्या तसबिरी. ज्या पाण्यापाशी देवी येऊन बसली ते पाणी बुजले आणि देवी एकटी राहिली. आपण देवी जपली, तिची शेजारीण विसरलो.

हे झाले त्यालाही कारणे आहेत, आणि ती प्रामाणिकपणे सांगितली पाहिजेत. पायऱ्यांच्या विहिरीत माणसे पाण्यात पाय घालून घागर भरत, आणि त्यातून नारू पसरे. नारू झालेल्या माणसाच्या पायातून हातभर लांबीचा दोरा निघताना ज्यांनी पाहिला आहे, ते तो विसरणार नाहीत. नारूच्या निर्मूलनाची देशव्यापी मोहीम १९८० नंतरच्या दशकात सुरू झाली. पायऱ्या बंद करणे, पाणी गाळून पिणे आणि हातपंप बसवणे हे तिचे मुख्य उपाय. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. ही फार मोठी कमाई आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विंधन विहिरी आणि हातपंप गावोगावी आले. जालन्यात आणि सोलापुरात घडलेल्या पंपांवरूनच पुढे देशभर प्रसिद्ध झालेला 'इंडिया मार्क टू' पंप तयार झाला. आपल्या मराठवाड्याचा त्यात वाटा आहे, याचा अभिमान वाटावा.

दुसरेही एक सत्य आहे. पाणी पवित्र होते, पण ते सर्वांना मोकळे नव्हते. त्याच पायऱ्यांवरून काही माणसांना उतरू देत नव्हते. ती दूर उभी राहून ओंजळ पसरत. महात्मा फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद सर्वांना खुला केला. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी उचलले, ते याच अन्यायाविरुद्ध. तेव्हा जुन्या विहिरीचे कौतुक करताना तिच्या काठावरची ही शिवाशिव झाकून ठेवू नये. विहीर पुन्हा जागती करावयाची असेल तर ती सगळ्या गावाची म्हणूनच झाली पाहिजे.

मग जुनी विहीर आता कशासाठी राखायची? प्यायला नळ आहे, हातपंप आहे. तर ती राखायची गावचे पाणी मोजण्यासाठी. विंधन विहिरीत डोकावून काही दिसत नाही. पाणी दोनशे फुटांवर गेले की चारशेवर, हे मोटर कोरडी फिरू लागली की मगच कळते. उघडी विहीर मात्र रोज सांगत असते. पहिली पायरी बुडाली, पाचवी उघडी पडली, तळ दिसू लागला. लोणारची विहीर जशी तळ्याची खूण आहे, तशी तुमची विहीर तुमच्या शिवाराची खूण आहे.

म्हणून गुरुजनहो, तुम्हांला एक विनंती आहे. देवीजवळची एक जुनी विहीर निवडा. कठडा भक्कम आहे ना, हे आधी पाहा. मोठी माणसे बरोबर असल्याखेरीज मुलांना काठावर नेऊ नका. महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, दोरीला दगड बांधून सोडा आणि काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजा. शाळेत एका वहीत तारीख आणि अंतर लिहा. जवळच पावसाचाही आकडा लिहा. पाच वर्षांनी ती वही गावचा असा इतिहास होईल की, जो दुसऱ्या कुठल्याही ग्रंथात मिळणार नाही. आणि त्याबरोबरच गावातल्या वृद्ध बायांना विचारा. कोणत्या साली विहीर आटली, कोणत्या साली काठोकाठ भरली, पाणी कुठल्या अंगाने लागत असे. सासू-सुनेच्या विहिरीचे मर्म पाणी भरणाऱ्यांनीच ओळखले होते. तुमच्या विहिरीचेही त्यांनाच ठाऊक असणार.

शेतकरी बंधूंनाही सांगणे आहे. येत्या नवरात्रात घटस्थापनेच्या आधी गावाने एक दिवस काढावा. देऊळ झाडता तशीच शेजारची विहीर झाडा. गाळ उपसा, निर्माल्यासाठी वेगळा खड्डा करा, भिंतीत रुजलेली पिंपळाची रोपे काढा. सांधे मात्र सिमेंटने बुजवू नका. त्यांतूनच पाझर येतो, हे मघाशी सांगितलेच आहे.

लोणारची कमळजा खाऱ्या पाण्याच्या काठी शतकानुशतके बसली आहे, आणि तिच्या दाराशी गोड्या पाण्याची ही विहीर आहे. तळे चढले, आटले, गुलाबी झाले, राज्ये आली आणि गेली. विहीर कधी बुडाली, कधी वर आली, पण पुसली गेली नाही. तुमच्या गावच्या देवीला ओटी भरायला जाल, तेव्हा चार पावले पुढे जाऊन तिच्या शेजारणीतही डोकावा. पाणी किती खाली आहे, ते पाहा. आणि घरी येऊन लिहून ठेवा.